बिनआवाजाचे पिकअप

शनिवार, १४ सप्टेंबर २०१३
लाटंबार्से

चवथ आटपली. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं वाटून झाली, पाहुणे गेले. सोमवारपासून बायकोची, सुमंगलाची अंगणवाडी सुरू. मी मात्र घरीच. खाण बंद होऊन वर्ष झालं. स्क्रीनिंग प्लांटवर सव्वीस वर्षं माती चाळली. त्या यंत्राच्या खडखडाटाशिवाय दिवस कसा ढकलायचा ते अजून जमत नाही. म्हणून हे लिहिणं.

आज सगुण आला होता. डिचोलीच्या बाजारात त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. बसायच्या आधीच म्हणाला, "डिसेंबरांत वाड्यावयल्या देवळाचो वर्धापनदिन. कमिटीक ऑर्केस्ट्रा जाय. भायलो न्हय, आमचो."

बाहेरचा नको, आमचाच हवा. आमचा म्हणजे 'नादतरंग'. सत्त्याऐंशीत, गोवा राज्य झालं त्या वर्षी काढलेला. सगुण ऑर्गनवर, महादेव ढोलकीवर, पेडण्याचा बाबली गायला आणि मी इलेक्ट्रिक गिटारवर. दोन वर्षांत मोडला. बाबली म्हणे कोंकणी गाणी, मी म्हणे मराठी. त्या दिवसांत चहाच्या दुकानातसुद्धा माणसं या वादावरून बाकावरून उठून जात. आम्ही तर स्टेजवर होतो. आता बाबली शाळेतून निवृत्त झालाय. सगुणने त्याला आधीच विचारलं होतं. "म्हणटा, अर्दीं तुजीं, अर्दीं म्हजीं." मी ताबडतोब हो म्हटलं आणि माझं मलाच नवल वाटलं.

संध्याकाळी माळ्यावरून गिटार काढली. जपानी आहे. केरीच्या एका तारवट्याने, जहाजावरच्या खलाशाने, बोटीवरून आणलेली, बाबलीनेच मध्ये पडून मला मिळवून दिली होती. तारा बदलल्या, अ‍ॅम्पला जोडली, बटण दाबलं. आणि गूंऽऽऽ! गाणं नाही, सूर नाही, नुसती घरघर. ट्यूबलाइट लावली की वाढते, मी पश्चिमेला तोंड केलं की थोडी कमी होते. सुमंगला बाहेर येऊन म्हणाली, "गिटार बरी वाजता." मी म्हटलं, ती घरघर ऐकू येत नाही का? म्हणाली, "येता, पण थोडी."

थोडी! मला तर दुसरं काही ऐकूच येईना.

गुरुवार, १९ सप्टेंबर

सगुणने गिटार उघडली. पांढऱ्या प्लेटवर तीन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. वर गिटारची तार हलली की खाली विजेत तिचा आवाज उमटतो. पण ती गुंडाळी फक्त आपल्याच तारेचं ऐकत नाही. ट्यूबलाइट, पंखा, शेजाऱ्याचा पंप, हवेतली सगळी वीज ओढून घेते. सगुणने आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. चरचर गेली, घरघर राहिली.

"हे पिकअपच बदलूंक जाय," तो म्हणाला. "आतां बिनआवाजाचे मेळटात."

मी म्हटलं बघू. देवळात कार्यक्रम म्हणजे जनरेटर, रंगीत दिवे, चारी बाजूंना माळा. तिथे ही गिटार घेऊन उभा राहिलो तर लोकांना वाटेल भातगिरण सुरू झाली.

यंदा रातकिडे नाहीत. चवथीनंतर एरवी कानठळ्या बसतात. खाणीच्या धुळीने मेले असावेत. पण खाण तर बंद आहे. असो.

रविवार, २९ सप्टेंबर

मुलीशी, रेश्माशी बोललो. ती बंगळुरूला असते. तिने कॉम्प्युटरवर बघून माहिती काढली. फोनवर तिचं बोलणं नीट कळत नाही, हल्लीची मुलं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलतात. शेवटी फोन सुमंगलाकडे दिला आणि तिने मला सगळं समजावलं.

दोन जाती आहेत. पहिली माडीवाली. एका गुंडाळीखाली दुसरी उलटी गुंडाळी. वरची तारांचा आवाज आणि घरघर दोन्ही घेते, खालची घरघर तेवढी घेऊन ती मारून टाकते. दिसायला अगदी जुन्यासारखी. दुसरी पातीवाली. दोन अरुंद गुंडाळ्या शेजारी-शेजारी, मधून लोखंडाच्या दोन पात्या. हिचा आवाज जाड आणि जोरदार. रेश्मा म्हणते, लोक यावर भांडतात. एक पक्ष म्हणतो बिनआवाजाच्या पिकअपमध्ये घरघर जाते पण तिच्याबरोबर आवाजातली चमकही जाते. दुसरा पक्ष म्हणतो तो मनाचा खेळ आहे.

ती दोन्ही पाठवते म्हणाली. दुकानवाला न आवडलेला परत घेतो.

सुमंगलाला हल्ली एक सवय लागलीय. काही बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत थांबते, मग बोलते. जणू मी मामलेदार आहे. स्वयंपाकघरातून हाक मारायची पूर्वीची पद्धत बरी होती. बोललो तिला तसं. हसली आणि माझ्या खांद्यावरचा दोरा काढला.

रविवार, ६ ऑक्टोबर

पहिली तालीम, सगुणच्या दुकानावरच्या खोलीत. बाबली पेडण्याहून बसने आला. केस पांढरे, आवाज तोच. मला बघून क्षणभर थांबला, मग म्हणाला, "किश्ना, तूं म्हातारो जालो रे!" मी म्हटलं, "आणि तू कोंकणीत झालास की मराठीत?" महादेव एवढा हसला की ढोलकी मांडीवरून घसरली. चोवीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो आणि तेवढ्यात सगळं झालं. मला वाटलं होतं, काहीतरी बोलावं लागेल.

जुन्याच पिकअपवर वाजवलं. घरघरीत माझी बारीक तार बुडून जात होती, म्हणून अ‍ॅम्पचा ट्रेबल, म्हणजे बारीक सुरांचा जोर, चढवला. दुसऱ्या गाण्यानंतर बाबलीने खिशातून कापूस काढून कानांत घातला. सर्दी झालीय, वारा लागतो म्हणाला. खिडक्या बंदच होत्या. साठी झाली की माणूस असा नाजूक होतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पिकअप आले! पोराच्या बारशाला आलेल्या पाळण्यासारखी ती खोकी मी दुकानात नेली. सगुणने आधी माडीवाला संच बसवला. बटण दाबलं.

काही नाही. शांत. सगुणने मुद्दाम ट्यूब लावली, डोक्यावरचा पंखा लावला, सोल्डरिंगचं यंत्र लावलं. शांत. मी आनंदाने सगुणच्या पाठीत गुद्दा घातला.

मग वाजवलं. आणि मन खट्टू झालं. सत्त्याऐंशीत हीच गिटार छेडली की काचेवर चमचा मारल्यासारखा आवाज निघे. आता तारांवर कुणीतरी गोधडी टाकलीय. ते भांडणारे लोक खरंच सांगत होते, चमक गेली. सगुणला म्हटलं, "ऐकतोस ना? मुका आवाज आहे." तो म्हणाला, "म्हाका बरो दिसता रे." मी ट्रेबल नऊवर नेला तेव्हा कुठे थोडं बरं वाटलं. सगुण त्या वेळी चहा सांगायला खाली गेला.

रविवार, २७ ऑक्टोबर

पातीवाले लावून पाहिले. अजून मुके. जाड आहेत, दणकट आहेत, पण गोधडीवर गोधडी.

सगुणने पॉट बदलला, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा सुटा भाग. म्हणाला याने वरचा आवाज मोकळा होतो. मला फरक वाटला नाही. तो म्हणाला, "वहिनीक हाडून आयकय." मी म्हटलं, तिला काय कळणार त्यातलं? ती अंगणवाडीत पोरांना टाळ्या वाजवून गाणी शिकवते तेवढंच. सगुण यावर काही बोलला नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही, त्याची पाठ होती.

तालमीत बाबलीचं माझं जुनं भांडण जरा डोकावलं. त्याला पहिलं गाणं कोंकणी हवं. मी ते दिलं. त्याच्या आवाजाची खालची बाजू अजून इतकी भरदार आहे, की तो गात असताना मला शब्दांची भाषा आठवत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रेश्मा दिवाळीला येऊन गेली. सुमंगलाने दुधातले, ताकातले, गुळाचे असे सगळ्या तऱ्हेचे पोहे केले. पोर खूश. मी तिला सगुणकडे नेऊन दोन्ही संचांवर वाजवून दाखवलं आणि विचारलं, कोणता? ती रडवेली झाली. गाणं आवडलं असेल. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा सगळी तपासणी करून घ्या ना. बीपी, शुगर, डोळे, कान, सगळंच." पिकअपचा प्रश्न विचारावा तर शुगरचं उत्तर येतं. मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात खूप वेळ बोलत होत्या. लग्नाचं असणार. मी विचारलं नाही. वेळ आली की सांगतील.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

अ‍ॅम्प तालमी सुरू झाल्यापासून सगुणच्याच खोलीत असतो. आज तो गिऱ्हाइकाकडे गेलेला, मी एकटाच सराव करत होतो. ट्रेबल दहावर नेला, फरक नाही. शून्यावर आणला, फरक नाही. म्हटलं बटण बिघडलं. मागचे स्क्रू काढले. बटणाची वायर सुटलेली नव्हती, कापलेली होती. स्वच्छ कापून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून बाजूला बसवलेली. ही सगुणची पट्टी, हे सगुणचं काम. त्याच्याइतकी नेटकी पट्टी कुणी गुंडाळत नाही.

म्हणजे किती तालमी मी ते बटण फिरवत होतो आणि ते सगळे बघत होते. पोराला खोटं स्टिअरिंग द्यावं तसं.

चिठ्ठी नाही, निरोप नाही. गिटार घेतली आणि घरी आलो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळीच सगुणच्या दुकानात गेलो. त्याने मला बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सगुण शेवटी म्हणाला, "हांव चुकलों. तुका सांगपाक धीर जालो ना. तुज्या गिटारीचो आवाज कानांत सुयेवरी वता रे, किश्ना. बाबली कापूस घालून गाता. तरी तो म्हणटा, किश्नाक काडचो न्हय, किश्ना ना जाल्यार हांव ना."

"सुईसारखा टोचतो? म्हणजे मला वाजवता येत नाही?"

"वाजवपाक येता." त्याने डोळे पुसले. "वहिनीक विचार."

घरी आलो. शनिवार म्हणून अंगणवाडी लवकर सुटलेली. सुमंगला बाहेरच्या सोप्यावर मुलांसाठी पुठ्ठ्याचे प्राणी कापत होती. मी समोर उभा राहिलो. आज मी तिच्या समोर, ती नव्हे. म्हटलं, "मला काय झालंय?"

तिने कात्री ठेवली. माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं, स्वतः पुढ्यात बसली.

"तुमका कमी आयकाक येता," ती म्हणाली. "बारीक आवाज येनत नाय. रातकिडे ओरडतत, तुमका येनत नाय. रेश्माचा फोनवरचा येना नाय. माझो येता, मी समोर आसलंय तर."

मी म्हटलं, ही गोष्ट तू मला सांगितली का नाहीस?

"तीनदा सांगितलंय," ती म्हणाली. "तुमी आयकलास नाय."

यावर माणसाने रागवायचं की हसायचं? तीच हसायला लागली, मग तिचं हसू मोडलं आणि पदर तोंडाला लावला. नंतर तिने सगळं सांगितलं. अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याच्याशी समोर उभं राहून बोलायचं, तोंड दिसलं पाहिजे, आधी हाताने लक्ष वेधायचं. ती वर्षभर माझ्यावर ते करत होती. पहिल्यांदा बोलली तेव्हा मी 'काहीतरीच' म्हणून बाहेर गेलो होतो. दुसऱ्यांदा टीव्ही मोठा केला. तिसरी वेळ माझ्या पाठीमागून झाली.

"मगे म्हटलंय, आसा तर आसा. आपण जवळ जावन बोलाचा."

आणि मी लिहून ठेवलंय, मामलेदार.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

म्हापशाला तपासणी. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर गोळे लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी पुष्कळ वेळ वाट पाहत बसलो होतो. नंतर कळलं, त्या वेळात बरेच आवाज येऊन गेले.

डॉक्टरीण तरुण आहे. समोर बसून, सावकाश बोलली. कागदावर रेघ दाखवली. डावीकडे छान वर चालत येते आणि मग कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली. "खालचे आवाज तुम्हाला माझ्याइतकेच ऐकू येतात, काका. म्हणून ती घरघर तुम्हाला एवढी मोठी वाटायची. वरचे आवाज गेलेत. कामावर मोठा आवाज होता का?"

सुमंगलाने सांगितलं, सव्वीस वर्षं.

गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं की बोलणं कळेल, ते जानेवारीत मिळेल. गिटारबद्दल विचारलं तर म्हणाली, यंत्रातून संगीत सुरुवातीला डब्यासारखं लागतं, सवयीने सुधारतं.

म्हणजे दोन्ही संचांत काही दोष नव्हता. चमक होती. सगळ्या खोलीला दिसत होती.

येताना बसमध्ये सुमंगला खिडकीशी बसली होती. तिने एकदाही बोलायचा प्रयत्न केला नाही, नुसता माझा हात मांडीवर घेऊन बसली. बसच्या आवाजात ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सगुणला निरोप धाडला, दुसरा गिटारवाला बघा.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुपारी अंगणात स्कूटर थांबली. सगुण, पायांपाशी अ‍ॅम्प, पिशवीत सोल्डरिंगचं सामान आणि पिकअपच्या प्लेटा: जुने, माडीवाले; पातीवाले गिटारीतच होते. बाबलीही मागे बसून आलेला. त्यांना मी बोलावलं नव्हतं. सुमंगलाने बोलावलं होतं.

मी सरळ सांगितलं, मला जे ऐकू येत नाही ते मी निवडू शकत नाही.

"तुमी निवडा नको," सुमंगला म्हणाली. "मी निवडतंय."

पंचवीस वर्षं या घरात गिटार आहे आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं, तुला कसं वाटतं. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासना आयकतंय. तुमी माळ्यार ठेवलास तेच्यानंतरच फक्त नाय."

तिने पुठ्ठे, कात्री बाजूला केली. भिंतीला टेकून डोळे मिटले आणि म्हणाली, वाजवा. एकच धून, प्रत्येक वेळी तीच. आधी जुने. मग सगुणने प्लेट बदलली, डाग दिला, माडीवाले. मग पातीवाले. प्रत्येक बदलाला वेळ लागत होता आणि ती तशीच बसून होती, बाबलीने दोनदा चहा गाळला. मग तिने पिकअपच्या जागा बदलून मागितल्या. गिटारीवर निवडीचा एक खटका असतो, मानेकडचा पिकअप, मधला, नाहीतर खालचा. प्रत्येकावर बारीक तार, जाड तार, हळू, जोरात.

शेवटी तिने डोळे उघडले. "ह्ये माडीचे बरे. जुन्यासारखेच, खाली घरघर नाय. पण अगदी खाली, हात टेकतास थंय, तो टोचता. थंय तो पातीचो लावा."

सगुण उडालाच. "दोन संच एकठांय?"

"चलना नाय?"

"चलता," सगुण म्हणाला, "पूण म्हज्या मनांत आयिल्लें ना."

त्याने तसं लावलं. मी वाजवलं. मला तिन्ही जागा सारख्याच गोधडीखालच्या. पण मी तारांकडे बघत नव्हतो, त्यांच्या तोंडांकडे बघत होतो. खालच्या पिकअपवर आलो तेव्हा बाबलीने मान वाकडी केली नाही. उलट गायला लागला. त्याचं कोंकणी गाणं, माझ्या मराठी धुनेवर. शब्द बसत नव्हते तिथे तो नुसता गुणगुणत होता.

"आणि ट्रेबल?" मी विचारलं.

सुमंगलाने बटण हातात धरून फिरवलं आणि थांबवलं. तिथे सगुणने नेलपॉलिशचा ठिपका लावला. पॉलिश तिचंच, रेश्माने आणलेलं. बटणाची कापलेली वायरही सगुण जोडून आला होता. मी बघितलं, त्याने मला बघताना बघितलं.

सोमवार, ९ डिसेंबर

काल कार्यक्रम झाला.

अख्खा वाडा मंडपात. पुढे बायका, मागे पुरुष, खांबांना धरून पोरं. जनरेटर, माळा, रंग बदलणारे दिवे. गाणं संपलं की टाळ्या, आणि टाळ्या संपल्या की शांत. ती शांतता मला पूर्ण ऐकू येत होती. सत्त्याऐंशीतसुद्धा ती अशी नव्हती.

पहिली चार गाणी सुरळीत. मग वीज गेली. जनरेटरवर घेईपर्यंत अंधारात कुणाचा तरी पाय अ‍ॅम्पला लागला. दिवे आले, आम्ही लावणी सुरू केली. मला काही वेगळं वाटलं नाही. पण पुढच्या ओळीतल्या बायकांनी एकदम कानांवर हात ठेवले. एक तान्हं पोर रडायला लागलं. मला ते फक्त दिसलं. बाबली गाता गाता माझ्याकडे वळला. मी घाबरलो. अ‍ॅम्प मागे, हात तारांवर, थांबलो तर गाणं तुटतं, आणि दिव्यांच्या झगमगाटात ठिपका कुठला आणि बटण कुठलं, काही दिसेना.

तेव्हा पुढच्या रांगेतून सुमंगला उठली. नऊवारी सावरत, कमिटीच्या अध्यक्षांच्या पायावर पाय देत, बाजूच्या शिडीने वर आली. शंभर माणसांसमोर. आमच्या घरची बाई कधी स्टेजवर चढलेली नाही. माझ्या मागे गेली, वाकली. बायकांचे हात कानांवरून उतरले. मला वाटलं आता ती खाली जाईल. ती गेली नाही. महादेवच्या ढोलकीची पेटी पालथी करून अ‍ॅम्पशेजारी बसली, समोर मंडपाकडे बघत, एक हात बटणावर. माझ्या एकट्याच्या तुकड्याच्या वेळी तिने ते किंचित वर नेलं असावं, कारण मागच्या खांबाकडची पोरं शिट्ट्या मारायला लागली. शिट्ट्या मला ऐकू आल्या नाहीत. बोटं तोंडात दिसली.

मी शेवटपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. गरज पडली नाही. वाजवताना एवढं निर्धास्त मला तरुणपणीही वाटलेलं नव्हतं.

उतरताना अध्यक्ष तिला काहीतरी बोलले. मी विचारलं काय म्हणाले. समोर येऊन, नीट तोंड दिसेल असं उभं राहून सुमंगला म्हणाली, "म्हणाले, पाय बरो लागलो."

बुधवार, ११ डिसेंबर

बाबलीचा फोन. सुमंगलाने कानाला लावला आणि एकेक वाक्य मला सांगितलं. पेडण्याच्या त्याच्या जुन्या शाळेत जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, त्यांना 'नादतरंग' पाहिजे. मी हो म्हणायच्या आधी बाबलीने विचारलं, वहिनी येणार ना? ती येणार नसेल तर तारीख पुढे ढकलू.

आणि पत्रिका छापायची आहे. नावांपुढे वाद्य लिहितात. सगुण ऑर्गन, महादेव ढोलकी, कृष्णनाथ गिटार. वहिनीच्या नावापुढे काय लिहू? वहिनी काय वाजवते?

हा प्रश्न मला सांगून ती फोन धरून थांबली. मी म्हटलं, तूच सांग, तुला विचारलंय.

तिने थोडा विचार केला. मग माझ्याकडेच बघत फोनमध्ये म्हणाली, "लिवा, सुमंगला घोवाक वाजयता."

नवऱ्याला वाजवते म्हणे! फोनमध्ये बाबली इतका मोठ्याने हसला, की ते मलाही ऐकू आलं.